‘ठळक बातम्या’ शाळेच्या ओट्यावरून

परिपाठातल्या बातम्यांवर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ४६. रोज एक मूल मोबाइलवरून उतरवलेल्या पाच बातम्या वाचतं. ‘द्विपक्षीय चर्चा’ म्हणताना वाचणाऱ्याचीच जीभ अडखळते आणि ऐकणारी पोरं मातीत रेघोट्या ओढत बसतात. काय बदलावं?
*शिक्षिका, ता. जिंतूर, जि. परभणी*

रेघोट्या ओढणाऱ्या पोरांचं काही चुकत नाही. जी बातमी वाचणाऱ्याला कळलेली नाही ती ऐकणाऱ्याला कशी कळणार? बातमी उतरवून आणायची नाही, विचारून आणायची, एवढा एक बदल आधी करा. शाळेपासून पायी जाता येईल एवढ्या टापूतल्या तीन बातम्या, जिल्ह्यातली एक, बाहेरची एक. सगळं मिळून चार मिनिटं. चौथीचं मूल माइकसमोर सावकाश वाचतं, तेव्हा मिनिटाला ऐंशी शब्द धरा. म्हणजे सव्वातीनशे शब्दांत बातमीपत्र बसवायचं. त्यापुढे गेलात की मागची रांग सुटलीच.

चार जोड्या करा : पाणी, शिवार, बाजार, गाव. एका जोडीकडे एक विषय आठवडाभर, शनिवारी अदलाबदल. जोडीत एक तिसरी-चौथीतलं आणि एक लहान. बातमी आदल्या संध्याकाळी गोळा होते. सकाळी शाळेत आल्यावर गोळा करायला लागलात की पुन्हा मोबाइल बाहेर येतो. वहीच्या पानावर पाच प्रश्न छापून द्या : काय झालं? कुठं? कधी? किती? कुणी सांगितलं?

यातल्या ‘किती’वर अडून बसा. ‘काल टँकर आला’ एवढ्यावर कुणी मान वर करत नाही. आता हे वाचा : ‘काल दुपारी चार वाजता टँकर आला. त्याआधी सहा दिवस आला नव्हता. वरच्या आळीत घरटी चार घागरी मिळाल्या, असं टँकरवरच्या काकांनी सांगितलं.’ वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि सांगणारा कोण ते शेवटी. आकडा कागदावर अक्षरात लिहा. ‘४,३५०’ दिसलं की पोरगं माइकवर गप्प होतं.

आकड्यांत तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पहिलं धरण. ‘जायकवाडीत तीस टक्के पाणी’ ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, एकूण साधारण १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या आसपास, बाकीचा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी. म्हणून ‘शून्य टक्के’ वाचलं तरी धरण कोरडं पडलेलं नसतं. हे एकदा फळ्यावर भांड्याचं चित्र काढून दाखवा.

दुसरं मोंढ्यातला भाव. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. मुलं हटकून कमाल दर वाचतात, कारण तो मोठा असतो, आणि मग घरी बाबा म्हणतात, ‘आम्हाला कुठं मिळाला एवढा?’ वाचायचा तो सर्वसाधारण. त्यासोबत सोयाबीनची आवक किती क्विंटल ते सांगा, आणि क्विंटलचा दर शंभरने भागून किलोचा भाव मुलांनाच काढू द्या.

तिसरं पाऊस. पेपरात येतो तो महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या मिळून गटाचा, आकडा. तुमच्या गावात त्याच दिवशी थेंबही पडलेला नसेल. शाळेचा पर्जन्यमापक तासाभरात होतो. तळापासून तोंडापर्यंत सरळ भिंतीचा, १० सेंटिमीटर व्यासाचा डबा घ्या. अशा डब्यात ७८.५ मिलिलिटर पाणी जमलं की १० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे ढोबळ ८ मिलिलिटरला एक मिलिमीटर. औषधाच्या मापाच्या झाकणाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजता येतं. कोल्ड्रिंकची बाटली कापून वापरणार असाल, तर तिच्या बुडाला खळगे असतात आणि तिथे मोजमाप फसतं. बुडात खडे भरून, भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची खूण करा. मग पट्टी लावली की झालं. डबा भिंतीपासून वा झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा, पागोळ्या पडतील अशा जागी नको. रोज एकाच वेळी मोजा आणि मोजून झाल्यावर रिकामा करा. हे रिकामं करणं विसरलं की दुसऱ्या दिवशी गावात ‘अतिवृष्टी’ होते! आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात. मंडळाचा आणि शाळेचा आकडा एकापाठोपाठ वाचा. दोन्हींत फरक पडला त्या दिवशी आख्खी शाळा कान टवकारते.

शेवट आकाशवाणीसारखा, ‘ठळक बातम्या पुन्हा एकदा’ म्हणून. पण त्याआधी निवेदकाने एक प्रश्न टाकायचा : ‘टँकर किती दिवसांनी आला?’ बरोबर सांगेल त्याने शाळेची घंटा वाजवायची. घंटेसाठी पोरं काय काय करतात, ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : लोकवर्गणीतून चाकांचा स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माइक घेतले. माइक हातात घेतला की शिट्टी वाजते. आवाज कमी केला तर मागे ऐकू जात नाही. लाइट तर परिपाठाच्या वेळीच जाते.
*मुख्याध्यापक, ता. औसा, जि. लातूर*

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो म्हणून. तुमचा स्पीकर बहुतेक निवेदकाच्या मागे, भिंतीला टेकून असणार. तो निवेदकाच्या दोन-तीन पावलं पुढे, बाजूला आणि मुलांकडे तोंड करून ठेवा. माइक स्पीकरच्या तोंडासमोर कधीच यायला नको, बंद करायला जातानाही नाही.

दुसरं कारण मुलांच्या हातात असतं. गाण्याच्या कार्यक्रमात बघून ती माइकच्या जाळीवर मूठ आवळतात. जाळी झाकली की माइक समोरच्याऐवजी चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो आणि शिट्टी वाढते. पकड दांड्यावरच हवी. माइक ओठांपासून चार बोटं, हनुवटीच्या जरा खाली आणि थोडा तिरपा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटकारे बसतात, स्पंजची टोपी घातली की तेही कमी होतात. आवाज लावताना शाळेतल्या सर्वांत मोठ्या घशाच्या पोराला बोलवा, शिट्टीच्या अलीकडे थांबा आणि तिथे बटणाला रंगाचा ठिपका लावा. नंतर कुणी हात लावायचा नाही. मग हळू बोलणाऱ्या मुलीसाठी बटण फिरवायचं नाही, माइक दोन बोटं जवळ न्यायचा.

लाइटचं म्हणाल तर स्पीकर शाळा सुटताना चार्जिंगला लावायचा, सकाळी नाही. माइकमध्ये सेल असतील तर सुट्टीच्या आधी काढून ठेवा. आत राहून पाझरले की पट्ट्या गंजतात.

आणि खरं सांगायचं तर शंभराच्या आतल्या पटाला स्पीकर लागतच नाही. निवेदक ओट्यावर, पाठीशी भिंत. मुलं रांगेत नव्हे तर अर्धगोलात तीन ओळींत, म्हणजे शेवटचं मूलही सात-आठ पावलांत येतं. वारा निवेदकाच्या पाठीकडून मुलांकडे जाईल अशी बाजू धरा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मात्र कुणाचं काही चालत नाही. त्या दिवशी बातम्या फळ्यावर.

प्रश्न : दिवाळीनंतर आमची निम्मी शाळा ऊसतोडीला जाते. काही मुलं हंगामी वसतिगृहात थांबतात, पण बातमीपत्राची टीम मोडते.
*शिक्षक, ता. धारूर, जि. बीड*

टीम मोडते ती जोड्या चार-पाच हुशार मुलांच्याच असतात म्हणून. जून ते दिवाळी प्रत्येक मुलाची प्रत्येक कामावर एक तरी पाळी झाली, तर मागे राहिलेल्यांत निवेदक सापडतोच.

वसतिगृहातल्या मुलांचे आई-बाप फडावर, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या शेतात, असतात. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, एखाद्या पालकाकडून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा निरोप रेकॉर्ड करून मागवा आणि शनिवारी तो ‘फडावरून’ म्हणून ऐकवा. प्रश्न ठरलेले द्या : कोणत्या तालुक्यात आहात, आज किती गाड्या भरल्या, थंडी कशी आहे, कोपीजवळ (झोपडीजवळ) काय दिसतं. नुसतं ‘बोला काहीतरी’ म्हटलं की माणूस ‘नीट राहा, अभ्यास कर’ म्हणून थांबतो. निरोप ओट्यावर लावण्याआधी त्या मुलाला एकट्याला ऐकवा. आईचा आवाज सगळ्यांसमोर अचानक कानावर आला, तर सहा-सात वर्षांच्या लेकराचा दिवस जातो. ते नको म्हणालं, तर लावायचा नाही. शिक्षक मंडळी नेमकी हीच पायरी विसरतात.

प्रश्न : तांड्यावरची शाळा. पहिली-दुसरीची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, मराठी वाचन कच्चं आहे. यांना बातमीपत्रात कसं घ्यावं?
*शिक्षिका, ता. किनवट, जि. नांदेड*

वाचायला लावू नका, सांगायला लावा. हवामान पहिलीकडे द्या : पुठ्ठ्यावर सूर्य, ढग, पाऊस, धुकं अशी चार चित्रं, मूल बाहेर बघून योग्य ते उचलतं आणि एक वाक्य बोलतं. आधी गोरमाटीत, मग मराठीत. थर्मामीटर असेल तर आकडा दुसरीने सांगायचा. तो सावलीत, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर टांगा; पत्र्याखाली टांगलात तर उन्हाळ्यात भलताच आकडा दाखवील.

तांड्यातल्या जाणत्या बाईची मुलाखतही मुलं गोरमाटीतच घेऊ देत. मराठी सार चौथीने सांगावं. मुलाखतीला निमित्त लागतं. १७ सप्टेंबरला ‘मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला’ हे वाक्य दरवर्षी वाचून होतं. त्याऐवजी आठवडाभर आधी आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा : ‘तुमच्या घरातल्या मोठ्यांनी निजामाच्या काळाचं काय सांगितलं?’ लातूर-धाराशिवकडच्या शाळांनी ३० सप्टेंबरला १९९३च्या भूकंपाबद्दल असंच विचारावं. मात्र ज्या घरात माणसं गेली, त्या घरी मुलांना एकटं पाठवू नये.

प्रश्न : एका मुलीने ‘काल अमक्याच्या घरी भांडण झालं, पोलीस आले’ अशी बातमी वाचली. बातमी खरी होती, पण पालक शाळेत येऊन भांडले. आता बातमीपत्र बंद आहे.
*शिक्षक, ता. सेनगाव, जि. हिंगोली*

सुरू करा. पण कागदावर शिक्षकाची सही झाल्याशिवाय माइक मिळणार नाही, असा नियम घाला. कुणाच्या घरातलं भांडण, आजार, कर्ज, दारू, आत्महत्या हे ओट्यावर येत नाही, खरं असलं तरी. मुलांना कारण सांगा : ‘हे तुझ्या घरचं असतं तर तुला इथे ऐकायला आवडलं असतं का?’ आठ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं.

खोट्या बातमीचं वेगळं. ‘उद्या सुट्टी’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप दर पावसाळ्यात फिरतो, तारीख मात्र मागच्या वर्षीची असते. मोबाइलवरून आलेलं काहीही दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे पेपरात, आकाशवाणीवर किंवा केंद्रप्रमुखांकडे ताडल्याशिवाय वाचायचं नाही. चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य दुरुस्तीचं : ‘काल आम्ही पाऊस बावीस मिलिमीटर सांगितला. तो बारा होता. डबा रिकामा करायचा राहिला होता.’ हे वाक्य शिक्षकाने नाही, ज्याने मोजलं त्यानेच वाचायचं. आणि हसणाऱ्याला पुढच्या आठवड्यात डब्याची पाळी द्यायची.

प्रश्न : बातमीपत्र यूट्यूबवर टाकावं का?
*पालक, जालना*

पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. पालकांच्या ग्रुपवर नुसता आवाज पाठवा. चार मिनिटांची फाइल लहान असते, गावातल्या नेटवरही उघडते. व्हिडिओ करायला घेतला की चार मुलं बातमी सोडून केसच नीट करत बसतात.