विशीत रक्तदाब 148/92 आला आणि वजनही जास्त आहे. वजन उतरवले की हृदयविकाराचा धोका टळेल का?

वय 20, वजन 96 किलो, विद्यापीठाच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब 148/92, आणि डॉक्टरांनी सांगितले की वजन उतरवा म्हणजे झाले; हे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. वजनाकडे मी नंतर येतो. त्याआधी आपल्या दंडाला बांधलेला पट्टा आपल्या मापाचा होता का, हे सांगा. बहुधा ते कोणी पाहिलेच नसेल.

विद्यापीठात असताना मी गोळाफेक करीत असे. दंड जाड, खांदे रुंद आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 31, म्हणजे तक्त्याच्या दृष्टीने सरळसरळ लठ्ठ. वर्षारंभीच्या तपासणीत सगळ्यांसाठी एकच पट्टा होता आणि माझ्या दंडावर तो इतका ताणून बसवावा लागला, की हवा भरताना सुटून येत होता. मी जिना चढून आलो होतो, शेजारी कोणी नाव-पत्ता विचारत होते आणि त्याच वेळी मोजणी चालू होती. आकडा निघाला 152/94. डॉक्टरांनी माझ्या देहाकडे एकदा पाहिले, ‘हे व्हायचेच होते’ असे म्हटले आणि वजन उतरल्याखेरीज स्पर्धेत भाग घेऊ नये, असा शेरा लिहिला. माझ्या मागे माझा खोलीतला सोबती उभा होता. तो शिडशिडीत, रोज सिगारेट ओढणारा, आणि त्याच्या वडिलांना पंचेचाळिशीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. त्याला यांतले काहीही न विचारता ‘प्रकृती उत्तम’ असा शेरा मिळाला.

पुढे दुसऱ्या एका ठिकाणी अनुभवी परिचारिकेने मला पाच मिनिटे न बोलता बसवले, पाठ टेकवायला आणि पावले जमिनीवर सपाट ठेवायला सांगितले, दंडाचा घेर टेपने मोजला, मोठा पट्टा बांधला आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब घेतला. तो 124/78 भरला. तो कागद घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ‘पट्ट्याने असा कितीसा फरक पडणार?’ असे विचारून त्यांनी मला वाटेला लावले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहे: ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीच्या मापाचा बांधला असता वरचा आकडा सरासरीने सुमारे 20 ने जास्त दिसला. निरोगी माणसाला रुग्ण ठरवण्यास एवढे पुरते. मला त्या वर्षीची स्पर्धा गमवावी लागली, हे वेगळेच.

याचा अर्थ विशीतल्या हृदयाला काही होत नाही, असा मुळीच नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 22 होते आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या हृदयाच्या धमन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. ही सैन्याने तपासून घेतलेली माणसे होती. म्हणूनच काट्यावर हलका भरणारा विद्यार्थी सुरक्षित मानणे मला आळशीपणाचे वाटते. पुढील दहा वर्षांचा धोका सांगणारी बहुतेक प्रचलित गणिते वयाच्या तिशीपासून किंवा चाळिशीपासून सुरू होतात. तरुणाचा दहा वर्षांचा धोका नगण्यच निघतो, पण वाढलेला दाब, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब आयुष्यभर साचत जातो.

तेव्हा आधी आकडा खरा आहे की नाही, ते पाहा. योग्य मापाचा पट्टा असलेल्या यंत्रावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजा. अर्धा तास आधीपासून कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नको. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. ती घरी 135/85 किंवा त्याहून अधिक राहिली, तर दाब खरोखरच वाढलेला आहे, आणि विशीत तो वाढला असेल तर मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरके यांची तपासणी मागून घ्या. वेदनाशामक गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणारी औषधे, कॅफीनयुक्त पेये किंवा व्यायामशाळेत मिळणारी स्टेरॉइड घेत असल्यास न लाजता सांगा. नुसते ‘वजन उतरवा’ म्हणून परत पाठवणाऱ्याने यांतले काहीच तपासलेले नसते.

आता वजन. मी खेळाडू होतो आणि माझे बरेचसे वजन स्नायूंचे होते; आपले तसे असेलच असे नाही. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर चरबी उतरवण्याचा फायदा नक्की होतो: ढोबळमानाने एका किलोमागे वरचा आकडा एकाने खाली येतो. म्हणजे दहा किलो उतरवूनही 148 चे 138 च होतील. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवणे, पुरेशी झोप आणि आठवड्याला किमान 150 मिनिटांचा व्यायाम हे वजन हलो न हलो, चालू ठेवा. मात्र आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा दृष्टी अंधुक होणे असे काही असेल, तर पट्ट्याचा वाद बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.