मांडीपर्यंतचे स्टॉकिंग्ज चालताना खाली घसरतात किंवा काठ मांडीत रुततो. योग्य जोडी कशी निवडावी आणि कशी घालावी?

या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मापातच असते. पाकिटावरचा तक्ता बरेचदा उंची आणि वजनावर बेतलेला असतो, पण काठ जिथे बसणार तिथला मांडीचा घेर त्यावरून कळत नाही. म्हणून उभे राहून, टेप न आवळता, तो घेर मोजावा आणि दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठे माप घ्यावे. अरुंद काठापेक्षा रुंद काठ निवडावा, कारण ताण जास्त जागेवर विभागला जातो आणि वळ उठत नाही.

आतल्या बाजूच्या सिलिकॉनच्या पट्ट्या थेट त्वचेला धरून राहतात, त्यामुळे त्या दिवशी मांडीला तेल, लोशन किंवा पावडर लावू नये. काठ घसरण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. सिलिकॉनने खाज किंवा पुरळ येत असेल, तर ते सोसत बसण्यापेक्षा पट्टी नसलेले स्टॉकिंग्ज गार्टर बेल्टला (कमरेला बांधायचा, क्लिपांनी मोजे धरून ठेवणारा पट्टा) अडकवून वापरावेत.

घालताना बसून, मोजा पंजापर्यंत गोळा करून, आधी बोटे आणि टाच नीट बसवावी आणि मग दोन्ही तळव्यांनी थोडे थोडे वर सरकवत न्यावे. नुसता काठ धरून ओढल्यास गुडघ्याखाली कापड अडकून राहते, आणि तोच ताण पुढे काठ खाली खेचतो. धुताना गरम पाणी आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावे, कारण त्यांनी लवचीक धागा आणि सिलिकॉनची पकड दोन्ही लवकर जातात.

वैद्यकीय दाबाचे मोजे मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचेच घ्यावेत.