कुंपणाच्या तारेत वीज सोडली तर?

ताई,

तुमची अडचण वाचली. पती जहाजावर, फोंडा तालुक्यातल्या कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) जुन्या घरात तुम्ही आणि सासूबाई दोघीच. गेल्या महिन्यात रात्री कौले काढून चोर उतरले आणि देवघरातली समई, तांब्याची भांडी घेऊन गेले. तक्रार तुम्ही दिलेली नाही. आता दिरांनी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, उघडी तार ओढली आहे. रात्री दहानंतर तिच्यात घरातली वीज सोडायची आणि 'धोका' अशी पाटी लावायची, असा त्यांचा बेत आहे. पाटी असली की आपल्यावर काही येत नाही हे खरे का, आणि चोर पुन्हा आत शिरला तर कोयता चालवता येईल का, असे तुम्ही विचारता.

आधी ती तार उतरवा. दिरांची काळजी खरी आहे, पण हा उपाय तुम्हालाच तुरुंगात नेईल.

बिहारमधल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली निकाल दिला. शेजारच्या घरातल्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून तिथली एक बाई आरोपीच्या शौचालयात जाऊ लागली. त्याने तोंडी मनाई केली, मग वाटेवर उघडी तार बांधून तिच्यात वीज सोडली. ती बाई शॉक लागून मेली. मालमत्तेच्या रक्षणाचा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. परवानगीवाचून आत आला म्हणून माणूस कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही आणि त्याला गंभीर इजा होईल अशी योजना करून ठेवण्याचा हक्क मालकाला मिळत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याची शिक्षा कायम राहिली.

तुमच्या गडग्याला हात लावणारा चोरच असेल कशावरून? पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर, नारळ काढायला आलेला पाडेली, आंबे वेचणारे शेजारचे पोर, रात्री उठून बाहेर गेलेल्या सासूबाई. कोणी दगावले तर निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जीव जाऊ शकतो हे ठाऊक असून वीज सोडली असे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचे कलम लागते आणि ते फार जड आहे. पाटीचे म्हणाल तर, माझ्या मते ती तुमच्याविरुद्धच जाईल. धोका आहे हे तुम्हाला माहीत होते, असे ती तुमच्याच अक्षरात सांगेल. शिवाय तार दिरांनी ओढली, तरी रोज रात्री बटण दाबणार तुम्ही.

कोयत्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे कायदा तुमच्या बाजूने बराच उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाविषयी आहेत. कौले काढून आत उतरणे हे कायद्याच्या भाषेत घरफोडीच, आणि ती सूर्यास्त ते सूर्योदय यांच्या दरम्यान झाली तर प्रतिकारात चोराचा जीव गेला तरी कलम ४१ संरक्षण देते. चोर घरात असेपर्यंत हा हक्क टिकतो. तुमच्या अंगावर कोणी आले, अब्रूवर हात टाकू लागले, तर कलम ३८ आहे.

पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट प्रत्येक वेळी लागू आहे. समई टाकून गडगा ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत कोयता घातलात तर बचाव टिकणार नाही. पकडून माडाला बांधलेल्या चोराला वाड्यावरच्या लोकांनी झोडपले तर तो त्या लोकांचा गुन्हा. चोर तुमच्यासमोर चोरी करताना सापडला तर त्याला धरून ठेवता येते. मात्र विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायला हवे. आत कोणी आहे असे वाटताच ११२ लावा, सासूबाईंना घेऊन एका खोलीत कडी घाला आणि ओरडा. समईपायी दोन बायकांनी अंधारात चोराला सामोरे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

घरासाठी खर्च करायचाच असेल तर कौलांखाली लोखंडी जाळी ठोकून घ्या, कारण चोरांना वाट तिथून मिळाली. गडग्यावर वीज न सोडलेली काटेरी तार चालेल. कॅमेरा लावलात तर तो आपल्या अंगणावर असू द्या, शेजाऱ्यांच्या न्हाणीघराकडे नको.

आणि तक्रार द्या. महिना उलटला म्हणून हक्क जात नाही. उशीर का झाला ते अर्जात खरे खरे लिहा. हद्द कोणाची हे न पाहता कोणत्याही ठाण्याला ती नोंदवावी लागते, आणि प्रथम माहिती अहवालाची (एफआयआरची) प्रत तुम्हाला फुकट मिळते. गणेश चवथीच्या जुन्या फोटोंत ती समई नक्कीच दिसत असेल; तो फोटो जोडा, भांड्यांवर नावे कोरलेली असतील तर तीही लिहा. चोरीचा माल सापडला तर तो तुमचा हे त्यावरूनच ठरेल. ठाण्यात नोंद करून घ्यायला नकार दिला, तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथेही काही हालले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.