'तुका झालासे कळस' हा अभंग नक्की कोणाचा?

तुमच्या आजीच्या भजनाच्या वहीत 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग 'तुकारामकृत' म्हणून लिहिलाय, शाळेतल्या बाई मात्र तो बहिणाबाईंचा आहे म्हणाल्या. मग खरं कोणाचं, आणि हे ठरवायचं कसं, असा तुमचा प्रश्न.

बाईंचं खरं. फक्त या बहिणाबाई 'अरे संसार संसार'वाल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. त्या खानदेशातल्या, 1880 ते 1951 या काळातल्या. या अभंगाच्या बहिणाबाई म्हणजे वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई, 1628 ते 1700. नावं सारखी, त्यामुळे हाही घोळ कायम होतो.

मी स्वतः कितीतरी वर्षं हा अभंग तुकोबांचाच समजत होतो. भजनात तसाच ऐकला होता. ज्ञानदेवांनी पाया रचला, नामदेवांनी विस्तार केला (कुणी इथे 'आवार' म्हणतं), एकनाथांनी भागवताचा खांब दिला, मग 'भजन करा सावकाश, तुका झालासे कळस'. इथे टाळ टिपेला पोचतात आणि अभंग संपतो. शेवटी 'तुका' ऐकू आला की कान आपोआप ती नाममुद्रा धरतो. पण नाममुद्रा म्हणजे बोलणाऱ्याची सही. इथे 'तुका म्हणे' नाहीये, तुक्याबद्दल दुसरं कुणीतरी बोलतंय. पुढे एका छापील पुस्तकात पूर्ण अभंग वाचला, तर कळसानंतर आणखी एक कडवं! त्यात 'बहेणी' आहे आणि फडकणारी ध्वजा आहे. त्यापुढच्या शब्दांत प्रतीप्रतींत फरक दिसतो, पण बहेणी आणि ध्वजा जागच्या हलत नाहीत. गाताना नेमकं हेच कडवं गळतं, आणि त्याच्याबरोबर कवयित्रीचं नावही.

मला तर वाटतं, या कडव्याशिवाय देऊळच अपुरं राहतं. पाया, खांब, कळस, मग ध्वजा नको? आणि देवळाचं काम पुरं झाल्यावर चढवायची, वाऱ्यावर हलणारी ती वस्तू बहिणाबाईंनी स्वतःसाठी ठेवली, याला नम्रता म्हणावं की ठसका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काळाचा हिशेबही जुळतो. एकनाथांचं भागवत 1573 मध्ये पुरं झालं, म्हणजे अभंग त्यानंतरचाच. तुकोबांना कळसाचा मान देणारं माणूस त्यांना मानणारं, त्यांच्या वेळचं किंवा नंतरचं असणार. बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत कोल्हापुरातली कीर्तनं आहेत, स्वप्नात तुकोबांनी केलेला उपदेश आहे, मग देहूला येणंही आहे. त्यांच्या तोंडी हे शोभतं.

काही जण म्हणतात, 'मी तंव हमाल भारवाही' म्हणणारे तुकोबा स्वतःला कळस कसे म्हणतील? मुद्दा गोड आहे, पण मी त्यावर फार भार टाकणार नाही. 'आम्ही वैकुंठवासी, आलों याचि कारणासी' हेही तुकोबाच म्हणतात. स्वभावावरून लेखक ठरवायला गेलं की आपल्याला हवा तो लेखक सापडतो.

गाथेत, म्हणजे तुकोबांच्या अभंगांच्या संग्रहात, आहे की नाही ते बघा, असंही तुम्हाला कुणी सांगेल. जरूर बघा, पण कोणती गाथा ते विचारा. सरकारी मदतीने 1869 आणि 1873 साली दोन भागांत निघालेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. अभ्यासक वि. ल. भाव्यांनी, तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून छापलेल्या गाथेत तेराशेच्या आसपास. शिवाय मोठ्या गाथेत 'तुकयाबंधु' अशा मुद्रेचे, म्हणजे धाकट्या भावाचे, कान्होबाचे अभंगही आहेत. घाईत वाचणारा तेही तुकोबांच्या खात्यावर टाकतो.

उलटा प्रकारही होता. सालोमालो नावाचा एक जण तुकोबांच्या हयातीतच त्यांचे अभंग आपल्या नावावर खपवत असे. 'म्हणती एकाचें आपुलें' अशी तक्रार तुकोबांनी अभंगातच करून ठेवलीय. तेव्हा नुसती मुद्रा हा काही पक्का पुरावा नाही. मुद्रा, काळ आणि जुनी प्रत असं तिन्ही जुळलं, तर मी मानतो.

आजीच्या वहीतलं ते पान एकदा नीट उघडून बघा. 'तुकारामकृत' हे आजीने लिहिलंय की नंतर कुणी, शाई वेगळी आहे का, आणि मुख्य म्हणजे कळसाच्या खाली ध्वजेची ओळ आहे का?