पेटीची सवय असलेल्या हाताने बाख कसा बसवायचा?

प्रश्न: मी डिचोलीचा, लहानपणापासून भजनाला पेटी वाजवतो. आता डिजिटल पियानो घेतलाय आणि व्हिडिओ बघून बाख या जर्मन संगीतकाराचं पहिलं इन्व्हेन्शन (दोन ओळींचा छोटा पीस), सी मेजरमधलं, बसवतोय. उजवा हात छान चालतो पण डावा सोबत आला की सगळं कोलमडतं. जवळपास शिकवणारं कोणी नाही. सूर लांबवणारं पायाचं पेडल दाबून वाजवलं तर चालेल का? आणि नोटेशन शिकायलाच हवं का?

उत्तर: डावा अडतोय यात नवल काहीच नाही हो, इतकी वर्षं तो भाता मारत होता, सूर त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. आणि या पीसमध्ये तर डावा हात साथीला नाहीच, तो दुसरा गायक आहे. सी ला सा धरून बघा, उजवा म्हणतो सा रे ग म रे ग सा प, आणि तो प वर पोचला की लगेच डावा एक सप्तक खाली तेच म्हणायला लागतो. पुढे तीच ओळ पंचमापासून येते, मग उलटी होऊन खाली उतरते, ध प म ग प म ध प. पुरा पीस फक्त 22 बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) आणि जवळजवळ सगळा या एवढ्याशा ओळीतून निघालेला, मला तर याचं अजून अप्रूप वाटतं.

म्हणून आधी डाव्याची ओळ सरगममध्ये गाऊन पाठ करा. मग डाव्याने वाजवत उजव्याची ओळ तोंडाने म्हणा, नंतर उलट करा. हे जमेपर्यंत दोन्ही हात एकत्र आणूच नका, आणि आणाल तेव्हा एकेक बार, अगदी सावकाश, पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर थांबायचं. मोठ्या मुलासाठी बाखने 1720 मध्ये वही सुरू केली, ही इन्व्हेन्शन्स आधी त्यात आली, आणि 1723 च्या त्यांच्या सुबक प्रतीच्या प्रस्तावनेत त्याने गात्या ढंगाने वाजवण्यावरच सगळ्यात जास्त भर दिलाय.

पेडल नको. तेव्हाच्या हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यांना ते नव्हतंच, आणि इथे दाबलं की दोन्ही ओळींचा चिखल होतो. सूर बोटांनीच जोडायचे, ते तुम्हाला पेटीमुळे येतं. पण पेटीवर बरेच जण करंगळी वापरत नाहीत, इथे तिच्याशिवाय भागत नाही, तेव्हा फिंगरिंग, म्हणजे कुठल्या सुराला कुठलं बोट, ते पेन्सिलीने लिहा आणि रोज तेच ठेवा. मॉर्डेंट, ट्रिल या सुरांवरच्या नक्षीच्या खुणा सध्या सोडून द्या.

नोटेशन मात्र शिकाच. व्हिडिओत पट्ट्या खाली पडताना दिसतात पण कुठे श्वास घ्यायचा ते कळत नाही. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून डो रे मी गाणं, शिकलेले जुने व्हायोलिनवाले आहेत, ओळखीत विचारा, आनंदाने शिकवतील. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, तिथल्या कुणाला अधूनमधून हात दाखवता आला तर बघा, मनगट आखडतंय का हे आपलं आपल्याला दिसत नाही.

हे बसलं की चौथं, डी मायनरमधलं, घ्या.