चांदवडकर कुठले?

प्रिय सई,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, आपलं आडनाव कुणी बनवलेलं तर नाही ना?" मी हसून वेळ मारून नेली, पण जरा लागलंच. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तू अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेतली आडनावांची यादी काढली होतीस. निदान १०० माणसांचं असेल तरच आडनाव तीत येतं. अशी १,६२,२५३ आडनावं. पटेल २ लाख ३० हजारांच्या घरात, थेट ९५व्या नंबरावर. चांदवडकर नाहीतच.

आणि चांदवडला आपण कधी राहिलोही नाही. माझा जन्म इंदूरचा, अण्णा आजोबांचाही. चांदवड नाशिक जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर. तोच रस्ता मालेगाव, धुळे, सेंधवा करत इंदूरला येतो. उन्हाळ्यात आम्ही रात्रीच्या बसनं नाशिकला मामाकडे निघायचो. मालेगाव मागे पडलं की अण्णा मला हलवून उठवायचे, "ऊठ, आपलं गाव येतंय." डोळे चोळत बघावं तर उघडेबोडके डोंगर, धुरानं भरलेला स्टँड आणि पाणी मारून चकचकीत केलेल्या काकड्या विकणारी पोरं. अण्णा बसल्या जागेवरून रेणुकामातेला हात जोडायचे, खाली उतरून अर्धा कप चहा घ्यायचे आणि परत येऊन बसायचे. एकदा मी विचारलं, "इथं आपलं घर कुठंय?" म्हणाले, "ते आता कुठलं!" आणि पेपर उघडला. तेव्हा तुझा प्रश्न काही नवा नाही. उत्तर मलाही मिळालं नव्हतं.

अण्णांच्या मते आपले कुणी पूर्वज होळकरांच्या दप्तरात कारकून होते. होऊ शकतं. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, टांकसाळही होती. चांदवडी रुपया लांबलांब चालायचा. पण इंदुरात कुठल्याही मराठी घरात जा, कुणी ना कुणी मल्हाररावांबरोबर आलेलं असतंच. सगळेच दप्तर सांभाळत होते तर लढत कोण होतं, देव जाणे. कागद आपल्याकडे एकही नाही.

मला आपलं असं वाटतं, की डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकर हरले, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. गाव एका राज्यात, पगार दुसऱ्या राज्यात. मग कोण कशाला परत जातंय? आणि चांदवडात राहणाऱ्याला कुणी चांदवडकर म्हणून हाक मारत नाही, ते इंदुरातच चिकटलं असणार. खुद्द होळकरांचं आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलेलं. म्हणजे कुणीतरी बनवलं म्हणालीस तर अगदीच खोटं नाही.

रामबागेतल्या आमच्या दारावर आडनावाची पितळी पाटी होती. दिवाळीच्या आधी ती चिंचेनं घासायचं काम माझं. 'ड'च्या पोटातला काळा डाग कधी गेला नाही. शाळेत हजेरी घेताना सर 'चंदावरकर' म्हणायचे. मी दुरुस्त करायचो नाही, 'उपस्थित' म्हणून खाली बसायचो. पुण्याला गेलो की माझं 'जेवून राहिलोय' ऐकून चुलतभाऊ हिंदीवाला म्हणून चिडवायचे. इंदुरात आम्ही मराठी, पुण्यात हिंदी. अशा वेळी ती पाटी बरी वाटायची. तुला तसं वाटायलाच हवं असं काही नाही. तू जर्सीवर नुसतं 'चांद' छापून घेतलंस तेव्हा मी तुला काही बोललो नाही. तुझ्या आईपाशी बोललो, ते वेगळं.

प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं ते तू ठरव. 'मूळ गाव' या रकान्यात इंदूर लिहिलंस तरी मला चालेल. चांदवड लिहिणार असशील तर कंसात 'बसमधून पाहिलेलं' असंही लिही, ते खरं तरी होईल. आणि जमलं तर मोठ्या आत्याला एक फोन कर. अण्णांनी वहीत उतरवलेली वंशावळ तिच्याकडे आहे. तीत सगळी पुरुषांचीच नावं आहेत. तुला ते आवडणार नाही. आत्यालाही आवडत नाही. तिनं पेन्सिलीनं बायकांची नावं भरायला घेतली आहेत, आणि तुझ्या पणजीच्या माहेरच्या नावावर तिचं घोडं अडलंय.

तुझा,
बाबा