केबल उपटली की पॅनिक: मीही यातच तीन आठवडे घालवले

लिनक्सवर यूएसबी-सीरियल केबल पोर्ट उघडा असताना उपटली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळतो, पण दहातून एखाद्याच वेळी, असं तुम्ही लिहिलंय. वाचून आमची महापेची लॅब आठवली. ड्रायव्हर तुमचा स्वतःचा आहे, म्हणून हँगअप, म्हणजे पोर्ट तुटलं हे उघडून बसलेल्या प्रोग्रामला कळवणं, यावर जास्त सांगत बसत नाही.

माझी चूक एका ओळीची. डिस्कनेक्टमध्ये (केबल निघाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) टीटीवाय_हँगअप बोलावलं आणि लगेच खाली केफ्री, म्हणजे ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरची मेमरी मोकळी. हँगअप नुसतं वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) काम टाकून परत येतं, हे डोक्यातच नाही. त्यात भर म्हणजे मध्ये एमस्लीप १०० (शंभर मिलिसेकंद थांबणं) घातलं! तेवढ्यात रांगेतलं काम उरकायचं आणि चूक लपायची. लॅबमध्ये पोऱ्याने शंभरदा केबल उपटली, काही झालं नाही. वागळे इस्टेटला ग्राहकाकडे लोडवर पहिल्याच दिवशी कर्नल आडवा. चिपवाल्यांच्या सपोर्टला लॉग पाठवला, तर आठवड्याने उत्तर आलं, 'केबल बदलून पाहा'. बदलली. आणखी काय करणार?

शेवटी केएसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून कर्नल बांधला, तेव्हा पाच मिनिटांत मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावणारी ओळ दिसली.

आता टीटीवाय_व्हीहँगअप वापरतो, ते हँगअपचं काम संपवूनच परततं. पण तेवढ्यावरही केफ्री करू नका. हँगअपनंतर प्रोग्रामने उघडलेल्या पोर्टच्या फाइलचे ऑपरेशन्स (रीड, राइटमागची फंक्शन्स) बदलतात, रीडला शून्य (म्हणजे 'संपलं') आणि राइटला ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) मिळतो, मात्र रिलीज (फाइल बंद होताना चालणारं फंक्शन) जुनंच राहतं. प्रोग्रामने फाइल बंद केली की तुमच्या ड्रायव्हरचा क्लोज तरीही बोलावला जाणार, मग ते कितीही उशिरा असो. म्हणून स्ट्रक्चर टीटीवाय_पोर्टच्या (कर्नलमधल्या पोर्टच्या नोंदीच्या) डिस्ट्रक्ट फंक्शनमध्येच मोकळं करा, शेवटचा संदर्भ सुटल्यावर, म्हणजे ते कुणीच वापरत नसताना. यूआरबी (यूएसबीवर चालू असलेल्या देवाणघेवाणीच्या विनंत्या) त्याआधी किल. डेटाची वाट बघत झोपणारा स्वतःचा वेट लूप असेल तर जागं झाल्यावर आधी टीटीवाय_हंग_अप_पीने हँगअप झालंय का ते तपासा, मगच स्ट्रक्चरला हात.

बीएसडी ही दुसरी सिस्टिम वापरणारे म्हणतील, आमच्याकडे उघडी फाइल तोडणारा रिव्होक आहे. असेल बाबा. डेटाची वाट बघत झोपलेल्या रीडला उठवायचं काम तिथेही कुणाला तरी करावंच लागतं.

हे माझ्या एका ड्रायव्हरवरून, जुन्या कर्नलवर. तुमच्या आवृत्तीचा सोर्स उघडून ताडून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

जाता जाता, तुमचं ॲप रीडला शून्य आलं तरी लूपमध्ये फिरत असेल तर सीपीयू शंभर टक्के जाईल आणि फाइल बंदच होणार नाही. मग जुना नंबर अडकलेलाच राहतो, केबल परत लावली की पोर्टचं नाव टीटीवाययूएसबी०ऐवजी टीटीवाययूएसबी१ दिसतं आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात. डेव्हखालच्या सीरियल फोल्डरमधली बाय-आयडी लिंक (उपकरणाच्या ओळखीवरून बनलेलं नाव) वापरा, नंबराच्या मागे लागू नका.